चार टक्के जास्त दिसतं

देवानं माणसाला दोन डोळे फुकट दिले. व्यवहार म्हणून पाहिलं तर हा शुद्ध अडाणीपणा. हेच काम त्यानं एखाद्या जर्मन कंपनीकडे सोपवलं असतं, तर डोळे तीन प्रकारांत मिळाले असते: साधे, मध्यम आणि उत्तम. साध्या डोळ्यांनीही दिसलं असतं. पण शेजाऱ्याचे डोळे उत्तम आहेत, हे त्यांतून सगळ्यात स्पष्ट दिसलं असतं.

हा विचार मला दुर्बिणींचे दर पाहताना सुचला. बँकेतल्या कारकुनाचा आणि दुर्बिणीचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. त्याचं असं झालं, आमच्या शाखेतले हेडकॅशियर निवृत्त होत होते. सदतीस वर्षं त्यांनी नोटा उजेडात धरून पाहिल्या आणि सुट्टीच्या दिवशी पक्षी पाहिले. त्यांच्या जुन्या दुर्बिणीत बुरशी शिरली होती. तिच्यातून पाहिलं की वैशाखातही धुकं पडायचं. तेव्हा शाल-श्रीफळाबरोबर चांदीचा गणपती देण्याची प्रथा मोडून त्यांना दुर्बीण द्यायचं ठरलं. तेवीस जणांनी दोन-दोन हजार काढले. 46 हजार जमले आणि 'तू बी.कॉम. आहेस' एवढ्या पात्रतेवर खरेदी माझ्या गळ्यात पडली.

मी चौकशीला लागलो. झाइस ही कंपनी 1846 साली येना गावात सुरू झाली. गावाचं नावच 'येना'! गिऱ्हाइकाला याहून गोड आमंत्रण कुठलं? त्यांच्या दुर्बिणींना पायऱ्या आहेत. खाली टेरा, मध्ये काँक्वेस्ट, वर व्हिक्टरी एसएफ. टेरा म्हणजे जमीन, काँक्वेस्ट म्हणजे स्वारी आणि व्हिक्टरी म्हणजे विजय. जमिनीवरच्या माणसानं विजयापर्यंत जावं, असा सगळा बेत. एवढ्यावरही भागेना, म्हणून 2022 साली काँक्वेस्ट आणि व्हिक्टरीच्या मध्ये एसएफएल नावाची आणखी एक पायरी घातली. ऑस्ट्रियातल्या स्वारोव्हस्कीच्या आणि जर्मनीतल्या लायकाच्याही अशाच पायऱ्या आहेत. आम्ही तरी निराळं काय करतो म्हणा! साधं बचत खातं, गोल्ड खातं, प्लॅटिनम खातं. पैसे त्याच तिजोरीत.

आता हिशेब बघा. 8 बाय 42 ची दुर्बीण म्हणजे वस्तू आठपट मोठी दिसते आणि पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं असतं. टेरामधून आत आलेल्या उजेडापैकी 88 टक्के डोळ्यापर्यंत पोचतो, काँक्वेस्टमधून 90 आणि व्हिक्टरी एसएफमधून 92. किंमत मात्र ढोबळमानानं 500 डॉलर, मग हजाराच्या पुढे, मग तीन हजारांच्या आसपास. म्हणजे खालून वर जायला दोन लाखांवर रुपये आणि हातात चार टक्के! एका टक्क्याला पन्नासएक हजार. पाव टक्का व्याजासाठी ठेव मोडून दुसऱ्या बँकेत जाणारे आमचे पेन्शनरसुद्धा या दरानं घरी बसले असते.

आणखी गंमत पुढेच आहे. 42 ला आठानं भागलं की 5.25 येतात. तेवढे मिलिमीटर रुंदीचा उजेडाचा झोत दुर्बिणीतून बाहेर पडतो. भर दुपारी डोळ्याची बाहुली असते दोन-तीन मिलिमीटरची. म्हणजे निम्म्याहून जास्त उजेड बाहुलीच्या बाहेरच सांडतो. चार टक्क्यांसाठी भांडायचं आणि निम्म्याहून जास्त ओतून द्यायचं, असा हा संसार.

पण बी.कॉम. माणसानं फक्त जमेचीच बाजू किंवा फक्त नावेचीच बाजू वाचू नये. वरच्या पायरीचे पैसे नुसत्या उजेडाचे नसतात. एक किलोमीटरवर टेरातून 125 मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, व्हिक्टरी एसएफमधून 148. शिवाय महागड्या दुर्बिणीत चित्र कडेपर्यंत रेखीव राहतं. जो माणूस दिवसाचे आठ तास भिंगाला डोळे लावून बसतो, त्याला हे सुख नक्की कळतं.

दुसरं असं की वरच्या पायरीवरची वस्तू कालांतरानं खाली उतरते. भिंगावरचा उजेड परत फिरू नये म्हणून लेप देण्याची युक्ती झाइसच्या स्माकुला नावाच्या शास्त्रज्ञानं 1935 साली काढली. आज तो लेप कारकुनाच्या चष्म्यावरही असतो. सरळ नळीच्या दुर्बिणीत लोलकामुळे उजेडाच्या दोन लाटा एकमेकींशी जुळत नाहीत आणि बारकावे पुसट होतात. त्यावरचा लेप झाइसनंच 1988 साली आणला. तेव्हा ती चैन होती, आज पुष्कळ स्वस्त दुर्बिणींत तो मिळतो. म्हणजे दहा-पंधरा वर्षं थांबलं, तर आजचा विजय उद्या जमिनीच्या भावात मिळेल!

हा मुद्दा मी स्टाफ मीटिंगमध्ये मोठ्या ऐटीत मांडला. त्यावर काउंटरवरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, पण त्यांचे डोळे थांबणार आहेत का?"

सभा गप्प झाली. साठीच्या माणसाला आपण 'पुढे स्वस्त होईल' म्हणून थांबा म्हणतो, तेव्हा त्याच्या खात्यातून काय वजा होतंय, हे कुठल्याच पासबुकात दिसत नाही. त्याच संध्याकाळी आम्ही टेरा घेतली. थोडे पैसे कमी पडले ते मॅनेजरनी घातले, आणि तेही कर्ज म्हणून नव्हे!

फेब्रुवारीत एका रविवारी हेडकॅशियरसाहेबांचा भिगवणहून फोन आला. उजनीच्या पाण्यात रोहित पक्ष्यांचा मोठा थवा उतरला होता.

"अरे, काय दिसतंय म्हणून सांगू! चोचीचा बाकसुद्धा दिसतोय. पण एक घोटाळा आहे. पहिल्यांदा मोजले तेव्हा 412 भरले. आता पुन्हा मोजले तर 409. तीन शॉर्ट येतायत."

"मग काय करताय?"

"करतोय काय! टॅली झाल्याशिवाय मी कधी घरी गेलोय का?"

ते तिघं बहुधा 125 मीटरच्या पलीकडे, वरच्या 23 मीटरमध्ये उभे असावेत. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. कारण मग शॉर्ट भरून काढायची जबाबदारी आम्हां तेवीस जणांवर आली असती, आणि ती रक्कम होती दोन लाखांच्या वर.