बुशातला खेळ

पाऊस लागला की मालवणात होड्या किनाऱ्यावर चढायच्या. आमचीही दांडीच्या वाळूवर, माडांखाली, झावळ्यांनी शाकारलेली असायची. मूळची ती शिडाची. पुढे सोसायटीचं कर्ज काढून बाबांनी तिला इंजिन बसवलं, पण डोलकाठी काढली नाही. डिझेल विकत घ्यावं लागतं, वारा लागत नाही, एवढा साधा हिशेब.

त्या साली हंगामाच्या शेवटी होडी थरथरायला लागली. शाफ्ट जिथून बाहेर पडतो तिथून पाणीही जास्त येई. दर खेपेला उपसून खलाशांचे हात दुखत. बाबांच्या मते पंखा वाकला होता. काका काहीच बोलले नाहीत. इंजिन त्यांच्याकडे असे. कानांनी कमी ऐकू यायचं, हातांना मात्र सगळं कळायचं.

आषाढात उघडीप मिळाली तेव्हा ते मला घेऊन होडीखाली शिरले. एका जागी काडी रोवून पंखा हळूहळू फिरवला. प्रत्येक पातं काडीपासून सारख्याच अंतरावरून गेलं. मग दोन्ही हातांनी पंखा वर उचलून खाली सोडला. टक्. पुन्हा टक्.

"हात लाव हय. गावता मा?"

गावत होतं. शाफ्ट बुशात चांगलाच हलत होता.

हा बुश म्हणजे पितळेची नळी, आतून रबराची, रबराला लांबीभर खाचा. त्या खाचांतून समुद्राचं पाणी खेळतं, तेच त्याचं तेल. पण उथळ पाण्यात पाण्याबरोबर वाळूही शिरते आणि रबर खाते.

सुकाण उतरवलं, पंख्याची पिन आणि नट काढला, इंजिनाकडचं कपलिंग सोडलं आणि शाफ्ट मागे ओढून घेतला. बुश मात्र हटेना. काकांनी करवतीचं पातं आत घालून पितळेला उभी चीर दिली, बाहेरच्या नळीला ओरखडा न येऊ देता. दीड तास लागला. मग तो आत दुमडून निघाला.

काकांनी तो फेकला नाही. उजेडात धरून किती वेळ बघत बसले. नुसता जुना झाला असता तर शाफ्टाच्या वजनाने तळाला, लांबीभर सारखा झिजला असता. हा एका टोकाला डावीकडे आणि दुसऱ्या टोकाला उजवीकडे खाल्लेला.

"बुश आपणहून झिजाक नाय. इंजिनान झिजवल्यान."

इंजिनाखालचं एका बाजूचं लाकूड तेलापाण्याने कुजून दबलं होतं. शाफ्ट तिरका ओढला जात होता.

बाबा वैतागले. सोसायटीचा हप्ता थकलेला. "नवीन बुश घाल आणि मोकळो हो. नारळी पुनवेक दिवस किती रवले?"

"घालतंय. पण रांग नाय बसली तर फुडच्या वर्सा परत हयच बसूचा लागतला."

सुतार बोलावून लाकूड बदललं. रत्नागिरीहून नवा बुश आला. शाफ्ट आत सारताना काकांनी साबणाचं पाणी लावलं. ग्रीसचा डबा मी पुढे केला तर म्हणाले, ग्रीसाने रबर फुगतं.

पुनवेला समुद्राला नारळ दिला, होड्या पाण्यात गेल्या. दुसऱ्या पहाटे सगळे निघाले आणि आमची होडी नांगरावर. लाकूड पाण्यात फुगतं, होडीचा आकार सुकीवर होता तसा राहत नाही. म्हणून शेवटची रांग पाण्यातच बसवायची, असं काकांचं म्हणणं. दोन दिवस थांबून त्यांनी कपलिंगच्या दोन चकत्यांमध्ये वर, खाली, डावीकडे, उजवीकडे पातळ पट्टी घालून फट मोजली आणि इंजिनाखाली पत्र्याचे तुकडे सारत ती चारही बाजूंना सारखी केली. शेजाऱ्यांच्या टोपल्या भरून येत होत्या. बाबा त्या दोन दिवसांत काकांशी एक शब्द बोलले नाहीत.

पुढच्या आषाढात काकांनी पंखा मला उचलायला लावला. शाफ्ट जेमतेम हलला. बाबा बघत होते, काही म्हणाले नाहीत. पण संध्याकाळी शेजारच्या होडीखाली बसून तिच्या मालकाला सांगत होते, "बुश घाल, पण रांग पाण्यात गेल्यावरच बघ. दोन दिस जाताहत, जावंदेत."