वाचनाचा तास

शिक्षकांनी पुस्तक उघडून मोठ्याने वाचावयास आरंभ केला, की वर्गातील कुजबुज आपोआप विरते. मागच्या बाकांवरील मुले माना उंचावतात. पुढची तर वाचणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून बसतात. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील मरिन परगण्यात, २०२१ च्या मे महिन्यात, एका वर्गात असेच वाचन चालले होते.

कोविडच्या साथीचे ते दुसरे वर्ष. त्या प्राथमिक शाळेने पुष्कळ काळजी घेतली होती. बाके सहा-सहा फुटांवर मांडलेली, दारे-खिडक्या उघड्या, हवा गाळणारे यंत्र खोलीत ठेवलेले, आणि प्रत्येकाने मुखपट्टी बांधावी असा नियम. वर्गात २४ मुले होती. इतक्या लहान वयाच्या मुलांसाठी तेव्हा लस उपलब्ध नव्हती. शिक्षकांना ती मिळू शकत होती. त्यांनी ती घेतली नव्हती.

१९ मे रोजी शिक्षकांचे नाक चोंदले, अंगात थकवा आला. नेहमीची ॲलर्जी असेल, असे समजून ते शाळेत येतच राहिले. (बरे नसतानाही शाळा न बुडविणाऱ्याचे आपल्याकडे कौतुकच होते!) मुखपट्टीआडून शब्द अस्पष्ट होतात, हे खरे. परंतु नियम असूनही वाचताना त्यांनी ती उतरविली.

मनुष्य बोलतो तेव्हा शब्दांबरोबर असंख्य तुषारही बाहेर पडतात, आणि आवाज चढला की ते वाढतात. जड तुषार लवकर खाली पडतात. अतिसूक्ष्म मात्र हवेत तरंगत राहतात. देवघरातील उदबत्तीचा धूर आठवावा. उदबत्तीजवळ तो दाट असतो, दूर विरळ होतो. पण त्याचा गंध ओटीपर्यंत पोहोचतोच. रोगी माणसाच्या श्वासातील विषाणू याच वाटेने जातात.

तपासणीत १२ मुलांना लागण झालेली आढळली. पहिल्या दोन रांगांतील १० पैकी ८ आणि मागच्या तीन रांगांतील १४ पैकी ४! पुढच्या बाकासाठी मुले एरवी भांडतात. येथे त्या बाकाच्या वाट्याला हे आले. उघड्या खिडक्यांनी भार हलका केला असेल. पण तोंडासमोरचा श्वास खिडकीपर्यंत जाण्याआधी पहिल्या रांगेला भेटतो.

बंदिस्त हवेची गोष्ट याहून कठीण. १९७४ साली न्यूयॉर्क राज्यातील एका शाळेत दुसरीतील एका मुलीला गोवर झाला. तेथील वायुवीजन यंत्रणा वापरलेलीच हवा पुन्हा खोल्याखोल्यांतून खेळवीत असे. ज्या वर्गांत ती मुलगी कधी बसली नव्हती, तेथेही गोवर पोहोचला. १४ खोल्यांतील २८ मुलांना तिच्यापासून लागण झाली.

मरिनमधील शाळेत दुसऱ्या एका इयत्तेतील ६ मुलांनाही कोविड झाला. दोन्ही वर्गांच्या मध्ये मोठे अंगण होते, आणि तेथील बाकांवर कोणी बसू नये म्हणून पिवळी फीत बांधलेली होती. परंतु मुलांना मित्र असतात, भावंडे असतात. त्या दुसऱ्या वर्गातील एका मुलाकडे २१ मेच्या रात्री दोन सोबती मुक्कामास होते. तिघांनाही लागण झाल्याचे पुढे निष्पन्न झाले. काही भावंडे आणि पालकही आजारी पडले. शिक्षकांसह एकूण २७ जण झाले. सुदैवाने कोणालाही रुग्णालयात ठेवावे लागले नाही.