सहा चाव्या, सात कार्डं

८ एप्रिल २०२५, मंगळवार

गोदामाचं विजेचं बिल आलं. मागच्या महिन्यापेक्षा तीनशेच्या वर युनिट जास्त. राजापेठेतल्या आमच्या बिस्किट-चॉकलेटच्या एजन्सीत सहा इलेक्ट्रिक लोडर आहेत. दिवसभर साईनगर, दस्तुरनगर, बडनेरा रोडवरच्या दुकानांना माल पोचवायचा आणि रात्री गोदामात येऊन चार्जिंगला लागायचं, हा त्यांचा नेम. एकेका गाडीची बॅटरी ७.३७ युनिटची. चार्जरमध्ये उष्णता होऊन जाते ती धरली तरी रोज आठेक युनिट पुरे. मग हे जास्तीचे कुठे गेले?

भाऊजी म्हणाले, "वहिनी, रात्री कोणीतरी सोताची गाडी लावते." सहा ड्रायव्हरांपैकी एकट्या बडनेऱ्याच्या काकांकडे स्वतःची इलेक्ट्रिक स्कूटर आहे. नाव कोणी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

९ एप्रिल, बुधवार

सकाळी माल भरताना मी काकांना विचारलं, तेही सगळ्यांसमोर. त्यांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. "स्कूटर माह्या घरीच लागते, वहिनी. तुमच्या बोर्डाले म्या कधी हात नाही लावला. पन तुमी चारचौघांत इचारलं. आता मी काय दाखवू तुमाले?"

खरंच, ते काय दाखवणार? आणि मी तरी काय दाखवणार होते? बिलावर महिन्याचा एकच आकडा असतो. कोणत्या गाडीने किती वीज घेतली, गोदामाने किती, हे त्यात कुठेच नसतं. आकडा एक आणि माणसं दहा असली की मधल्या जागेत संशय उगवतो. रात्रभर काकांचा चेहरा डोळ्यांसमोरून हलला नाही.

१६ एप्रिल, बुधवार

आज आमच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. गावभर तीच चर्चा. आमच्या गोदामात मात्र सगळे भिंतीकडे बघत उभे होते. कोणती गाडी किती वीज घेते ते कळावं म्हणून जुने प्लग काढून कार्डाचे सहा चार्जर बसले. इलेक्ट्रिशियनने आधी नवीन अर्थिंग घातलं, प्रत्येक चार्जरला गळती ओळखून वीज तोडणारा स्विच दिला, मगच बाकीचं काम.

कार्डाचं काम मी समजून घेतलं. नांदगाव पेठच्या टोलवर फास्टॅग लांबूनच वाचला जातो; हे कार्ड मात्र चार्जरला जवळजवळ टेकवावं लागतं. कार्डात बॅटरी नाही. आत तारेचं वेटोळं आणि एक चिप. चार्जरमधून १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरी निघतात, त्यांच्यावरच चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. चार्जर तो क्रमांक इंटरनेटवरून हिशेबाच्या सर्व्हरला कळवतो, तिथून होकार आला की वीज सुरू. सुरुवातीचं रीडिंग, शेवटचं रीडिंग, वेळ, सगळं त्या क्रमांकापुढे लिहिलं जातं. चार्जर आणि सर्व्हर ज्या भाषेत बोलतात तिला ओसीपीपी म्हणतात. नेदरलँड्समध्ये २००९ च्या सुमारास तिची सुरुवात झाली. ती सर्वांना खुली आहे, म्हणून उद्या दुसऱ्या कंपनीचा चार्जर घेतला तरी हिशेब तोच राहील. विकत घेताना मी एवढं एक पक्कं विचारून घेतलं होतं.

१८ एप्रिल, शुक्रवार

कार्ड कोणाच्या नावाचं करायचं, ड्रायव्हरच्या की गाडीच्या? दोन दिवस यावरच बोलणं चाललं. ड्रायव्हरच्या नावाचं केलं आणि गाडीची अदलाबदल झाली, तर कोणती गाडी जास्त वीज पिते ते कळणार नाही. शेवटी कार्ड गाडीचं ठरलं. ते चावीच्या कडीलाच अडकवलं, म्हणजे चावी जिथे, कार्ड तिथे. रात्री गाडी लावताना ड्रायव्हरने वहीत किलोमीटर लिहायचे.

सहा गाड्या एकदम लागल्या तर जोडणीवर १५ ते २० किलोवॅटचा भार येतो. म्हणून तीन कार्डांना आल्याबरोबर परवानगी, बाकी तीन कार्डांना रात्री उशिरा. नवसारीचा पोरगा म्हणाला, "म्हंजे आता पहिल्या प्लगसाठी भांडन नाही." हा फायदा माझ्या ध्यानातच आला नव्हता.

२४ एप्रिल, गुरुवार

रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली आणि दिवसभर नेट नव्हतं. रात्री गाड्या लागणार कशा, या काळजीत मी गोदामात गेले. पण चार्जरच्या स्वतःच्या स्मृतीत आपल्या कार्डांची यादी ठेवता येते, ती आम्ही पहिल्याच दिवशी भरली होती. सहाही गाड्या लागल्या. नेट आल्यावर नोंदी आपोआप वर गेल्या.

भाऊजींना या नोंदींत दुसरंच काही दिसलं. गाडी कोण किती वाजता लावतो, ते कळतं. "उशिरा येनाऱ्याचे पैसे कापू," म्हणाले. मी नाही म्हटलं. अंडरपासच्या गर्दीत अडकलेला माणूस आणि टिवल्याबावल्या करणारा माणूस, कार्डाला सारखेच दिसतात. नोंद विजेची ठेवायची ठरली आहे. माणसाची ठेवायची असेल तर त्याला आधी विचारावं लागेल. वहीच्या पहिल्या पानावर हा नियम लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. माझीही केली.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय तृतीया

काल मंत्रिमंडळाने राज्याचं नवीन इलेक्ट्रिक वाहन धोरण मंजूर केलं. समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक मोटारी आणि बसना टोलमाफी, राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय. चार्जिंगची सोय खरंच झाली तर पुढेमागे अकोल्याला माल नेणारी मोठी गाडी घेता येईल.

कार्डांबद्दल एक सावधगिरीही आज लिहून ठेवते. सर्रास वापरात असलेल्या एका जातीच्या कार्डांचं कुलूप २००८ मध्ये डच संशोधकांनी फोडून दाखवलं. नुसत्या क्रमांकावर चालणाऱ्या कार्डाची तर नक्कल करता येते. म्हणून आम्ही सांकेतिक कुलपाची कार्डं मागितली. कार्ड हरवलं तर त्याच घडीला कळवायचं. क्रमांक बंद करायला मिनिटही लागत नाही. कळवणाऱ्याला कोणी बोलायचं नाही.

३ मे, शनिवार

रात्री दहाला मेन मीटर लिहिला, सकाळी सहाला पुन्हा. ६४ युनिट पुढे गेला होता. सहा कार्डांची बेरीज ४८. उरले १६. गोदामाला कुलूप होतं, दिवे बंद होते. आठ तास सारखे दोन किलोवॅट खाणारं आत कोण?

चॉकलेटची थंड खोली! दाराचं रबर एका कोपऱ्यात फाटलं आहे. मार्चपासून तापलेली हवा आत शिरते, आणि एसीचा कॉम्प्रेसर रात्रभर एकदाही थांबत नाही. कोणी वीज चोरली नव्हती. मी त्या दारातून रोज दहा वेळा जाते, आणि मला मात्र माणूस दिसला.

५ मे, सोमवार

विचारलं होतं चारचौघांत, म्हणून माफीही चारचौघांतच मागितली. वही, मीटरचे आकडे, रबराचा तुकडा, सगळं समोर ठेवलं. काका म्हणाले, "झालं ते झालं, वहिनी," आणि माल भरायला गेले.

सातवं एक कार्ड करून घेतलं होतं, ते त्यांच्यापुढे केलं. स्कूटर दिवसा इथे लावा, जेवढे युनिट तेवढेच पैसे. भाऊजींना शंका होती, आपण वीज विकतो असं तर होणार नाही ना? पण गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, तिला परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच केला आहे. काकांनी कार्ड घेतलं नाही. "राहू द्या सध्या."

मी ते खुंटीवर टांगलं. नाही म्हणणं हा त्यांचा अधिकार आहे.

९ मे, शुक्रवार

नवीन रबर बसलं. रात्रीचा फरक १६ वरून ७ वर आला.

संध्याकाळी नोंदी पाहताना एक नवीन ओळ दिसली. कार्ड सात, दुपारी १.१०, १.८ युनिट. खुंटी रिकामी होती. निघताना काका दारात थांबले. "लागली का नोंद, वहिनी? वहीतही लिहून ठेवजा."

लिहून ठेवली.