चपलेच्या फोमवर झेपावणारा मासा

बोस्टनजवळच्या समुद्रातला मासा रबरी चपलेच्या फोमवर झेप घेतो. कणकुंबीत माउलीच्या देवळापुढं हे सांगितलं, तर लोक म्हणतील, लेकीकडं जाऊन म्हातारा बिघडला. पण डोळ्यांनी पाहिलंय.

आमचं गाव पाण्याचंच. मलप्रभा इथं उगवते आणि पूर्वेला कृष्णेकडं निघते; शेजारचा कळसा नाला मात्र पश्चिमेला वळून म्हादईला मिळतो. मासा धरायचा तर काठी, गरी आणि गांडूळ. मासा भुकेला, गांडूळ खाणं, हिशोब सरळ. जावयाच्या टेबलावर मात्र खाण्याजोगं काहीच नव्हतं. कडेला आवळलेल्या चिमट्यात एक गळ. त्याच्या मागच्या अंगाला हरणाच्या शेपटीचे पांढरे केस बांधले, दोन चमकते धागे सोडले. मग दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या फोमची पट्टी तिथंच आवळली, कोंबड्याचं पीस गळाच्या दांड्याभोवती गुंडाळलं, आणि पट्टी पाठीवरून पुढं ओढून बांधली. तोंडाशी थोडा फोम मुद्दाम उभा ठेवला, ओठासारखा. झाली माशी! अशा खोट्या आमिषाला तिकडं माशीच म्हणतात. पृथ्वीवरच्या कुठल्याही माशीशी हिचं नातं नाही.

हिला गर्गलर म्हणतात. ती काढली जॅक गार्टसाइडनं. बोस्टनचाच माणूस, आधी शाळेत शिकवलं, मग टॅक्सी चालवली, आणि टॅक्सीपेक्षा माशाच जास्त बांधल्या. लहानपणी त्याला हा नाद लावला टेड विल्यम्सनं. बेसबॉलमधला तो तिथला गावसकर. गार्टसाइड 2009 मध्ये गेला, माशी राहिली.

जावयाच्या खणात पिसांच्या पुड्या होत्या. त्यांतलं एक पीस बघून मी चमकलोच. काळसर, टोकाकडं मेणाचा थेंब सुकावा तसा पिवळट ठिपका. हा तर आपला रानकोंबडा! चोर्ल्याच्या रानात पहाटे आरवतो तो. भारतातून ही पिसं बाहेर न्यायला बंदी आहे. ती तिकडं पाळलेल्या पक्ष्यांची. सालमन माशाच्या जुन्या विलायती माशांत या पिसाला मोठा मान. आणि आम्ही त्याला नुसता ‘कोंबडा’ म्हणून मोकळे.

पहाटे ओहोटी लागताना किनाऱ्यावर गेलो. माशीला वजन नसतं, म्हणून इथं जाड दोरीच फेकायची. माशी तिच्यामागून फरफटत जाते. मग दोरी हातानं झटके देत ओढायची. प्रत्येक झटक्याला तो फोमचा ओठ पाणी ढकलतो आणि ‘बुळुक’ आवाज होतो. खाली पट्टेरी बास हिंडत असतो. वास नाही, चव नाही, नुसता बुळुक ऐकून तो वर येतो!

“मामा, मासा लागला तर काठी वर उचलू नका हं. दोरी सरळ मागं ओढा.”

लागला तो जावयालाच. पाणी फुटलं, दोरी सरसर पळाली. बऱ्याच वेळानं आला, मोजपट्टी लावली, 34 इंच. मी मनात कालवणाचा बेत करतोय, तोवर त्यांनी गळ काढून मासा सोडला! नियम असा की 28 ते 31 इंचांमधलाच ठेवायचा, तोही दिवसाला एक. मोठ्या माद्या अंडी घालतात, त्या परत गेल्याच पाहिजेत. आम्ही मृगाच्या पावसात चढणीचे मासे धरतो ते पोटात अंडी असतानाच, आणि वर त्याच गाबोळीचं कौतुक करतो.

शिवाय साठी ओलांडलेल्याला मासे धरण्याचा परवाना फुकट. हे मात्र मला एकदम पटलं.

पुढचा दणका ब्लूफिशचा. त्याचे दात कात्रीचे. माशीचा पुढचा ओठच कातरून नेला. मी म्हटलं, “गेली तुमची रात्रीची मेहनत, जावईबापू.” पण त्या फोममध्ये बारीक बंद बुडबुडे असतात, पाणी आत शिरत नाही. बोडकी माशी तरंगतच होती. जावयांनी पाहिली, झटकली आणि तीच परत फेकली.