दाराबाहेरचं घर

शिकागोला भारतातून पाहुणे आले की काय काय दाखवायचं, याची आपल्या प्रत्येकाची यादी ठरलेली असते. विलिस टॉवर (आमच्या तोंडी अजून सीअर्स टॉवरच!), मिलेनियम पार्कमधला चकचकीत ‘बीन’, ऑरोराचं बालाजी मंदिर आणि परतताना डेव्हॉनवर भाजी नि चाट. आम्ही दोघांनी अलीकडे या यादीत एक भर घातली आहे. ती म्हणजे लोकांच्या इमारतींच्या लॉब्या, कॉरिडॉर आणि अंगणं! पाहुणे आधी चक्रावतात, मग तेच प्रश्न विचारू लागतात.

या वेडाचं मूळ आमच्या स्वतःच्या इमारतीत आहे. मुलं आपापल्या वाटेला लागल्यावर आम्ही मोठं घर विकून पश्चिम उपनगरातल्या एका चार मजली, जुन्या कॉन्डोत राहायला आलो. गेल्या वर्षी मार्चमध्ये दाराखालून एक कागद सरकला. बोर्डाच्या सांगण्यावरून मॅनेजमेंट कंपनीने सगळ्या घरमालकांना तीन प्रश्न विचारले होते. कॉरिडॉरचं कार्पेट आणि वॉलपेपर बदलावा का? तळमजल्यावरच्या पार्टी रूमचं जिम करावं का? लॉबीतली बाकं काढून तिला ‘मॉडर्न लुक’ द्यावा का? पुढे ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोन चौकटी. उत्तरं अगदीच थोडी आली. तेव्हा बोर्डाने आम्हाला गळ घातली, “तुम्ही रिटायर्ड आहात, जरा दारोदार जाऊन कागद गोळा कराल का?”

आमच्यातलं एक गिरगावच्या चाळीत वाढलेलं, दुसरं सदाशिव पेठेतल्या वाड्यात. गॅलरी, नळ, जिना आणि गच्ची यांवरून होणारी भांडणं आम्हाला नवी नाहीत. तरीही कामाला लागण्याआधी, इतर इमारतींनी काय केलंय ते बघून यावं म्हणून एका रविवारी गाडी काढली.

डेव्हॉनला आपण सगळेच जातो, पण किराणा भरला की घराकडे वळतो. त्या दिवशी आम्ही उलट, सरोवराच्या दिशेने गेलो. दीड-दोन मैलांवर, लोयोला विद्यापीठापाशी, रस्ता शेरिडन रोडला मिळतो. तिथून जरा दक्षिणेला शोअरलाइन टॉवर्स ही उंच इमारत आहे. बाहेरून बघाल तर इतरांसारखीच. पण तिच्या कॉरिडॉरवरून एक खटला फेडरल कोर्टापर्यंत गेला होता.

दाराबाहेर पायपुसणी, बूट, गाड्या किंवा कुठलीही वस्तू ठेवायची नाही, असा नियम इथे २००१ साली झाला. २००४ मध्ये कॉरिडॉरची रंगरंगोटी झाली आणि त्यानंतर बोर्डाने हा नियम ज्यू कुटुंबांच्या चौकटीवरच्या मेझुझालाही लावला. मेझुझा म्हणजे धर्मवचन लिहिलेली गुंडाळी ठेवलेली छोटीशी डबी. एका घरी तर कर्त्या माणसाच्या अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा ती काढून टाकण्यात आली. गंमत नव्हे, दुर्दैव असं, की त्याच घरातल्या बाई हा नियम करणाऱ्या समितीच्या प्रमुख होत्या! खटला चालू असतानाच शिकागो शहराने आणि पाठोपाठ इलिनॉय राज्याने कायदा बदलून दारावरच्या धार्मिक वस्तूंना संरक्षण दिलं. २००९ मध्ये सेव्हन्थ सर्किटच्या पूर्ण पीठाने, हा जाणूनबुजून केलेला भेदभाव होता का यावर खटला चालू शकतो, असा निर्णय दिला. फुटपाथवर उभं राहून आम्हाला आपली तोरणं आठवली. कॉरिडॉर कसा दिसावा, हा प्रश्न वाटतो तितका साधा नसतो.

तिथून लेक शोअर ड्राइव्हने (२०२१ पासून या रस्त्याच्या नावात शिकागोचे पहिले बिगर-मूलनिवासी कायमचे रहिवासी द्यु साब्ल यांचंही नाव आलं आहे) खाली आलो. डावीकडे निळंशार पाणी, उजवीकडे इमारतींची रांग. ८६०-८८० लेक शोअर ड्राइव्ह हे मीस व्हान डर रोह यांचे १९५१ साली पूर्ण झालेले, काचेचे आणि पोलादाचे सव्वीस मजली जुळे टॉवर. दोन्हींच्या मधे ट्रॅव्हर्टिन दगडाचं सुरेख अंगण आहे. या अंगणाखाली गॅरेज आहे, हे वरून कळतसुद्धा नाही. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी या अंगणाचा दगड उचलून खालचं वॉटरप्रूफिंग नव्याने केलं आणि वर पुन्हा तसाच दगड बसवला. म्हणजे खर्च करूनही दिसायला सगळं पहिल्यासारखंच! अशा खर्चाला शेजाऱ्यांचा होकार मिळवणं किती अवघड, हे कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा.

शेवटी नदीकाठची मरीना सिटी. १९६० च्या दशकातल्या या दोन गोल इमारतींना सगळे ‘मक्याची कणसं’ म्हणतात. खालचे एकोणीस मजले गाड्यांचे, वर घरं. आणि विसाव्या मजल्यावर काय? लाँड्री! शहराचा इतका देखणा देखावा कपडे वाळण्याची वाट बघणाऱ्यांसाठी! ही भाड्याची घरं १९७७ मध्ये कॉन्डो झाली.

कॉन्डो हा प्रकार तसा इथेही फार जुना नाही. युटा राज्याने त्याचा कायदा १९६० मध्ये केला, इलिनॉयने १९६३ मध्ये. आपल्याकडे गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची. पण एक फरक आहे. आपल्या सोसायटीत इमारत सोसायटीची आणि आपण तिचे सभासद. कॉन्डोत चार भिंतींच्या आतलं घर आपलं आणि बाहेरच्या प्रत्येक गोष्टीत, अगदी छपरापासून गटारापर्यंत, आपला न तोडता येणारा हिस्सा. दाराबाहेरसुद्धा आपलंच घर असतं, फक्त ते एकट्याचं नसतं.

परत आल्यावर कागद घेऊन दारं ठोठावली. ‘हो-नाही’च्या चौकटीत न मावणारं बरंच काही ऐकायला मिळालं. चौथ्या मजल्यावरच्या पोलिश आजी लॉबीतल्या बाकावर आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या व्हॅनची वाट बघतात. नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या एका आईवडलांना बर्फाच्या दिवसांत चार पावलं चालून टेकायला तीच जागा. पार्टी रूममध्ये मेक्सिकन शेजाऱ्यांच्या मुलीची पंधरावी साजरी झाली होती, आणि आपला गणपतीही तिथेच बसतो. तरुण गुजराती जोडप्याचं म्हणणंही खोटं नव्हतं: “काका, दोघांच्या जिमचे पैसे वाचतील.” तळमजल्यावरचे एक निवृत्त बस ड्रायव्हर मात्र काही न बोलता आम्हाला गॅरेजमध्ये घेऊन गेले. छताला भेगा, त्यांतून उतरलेले क्षारांचे पांढरे ओघळ आणि खाली त्यांनीच ठेवलेली बादली. या प्रश्नाला कागदावर चौकटच नव्हती.

आम्हाला सर्फसाइड आठवलं. फ्लोरिडातली चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही बारा मजली कॉन्डो इमारत २४ जून २०२१ च्या मध्यरात्रीनंतर कोसळली आणि ९८ माणसं गेली. आधी तलावाशेजारचा डेक खचला, मग काही मिनिटांत इमारतीचा मोठा भाग. डेकखालचं वॉटरप्रूफिंग निकामी झाल्याचं इंजिनिअरने २०१८ मध्येच लिहून दिलं होतं. दुरुस्तीसाठी सुमारे दीड कोटी डॉलर्सची असेसमेंट मंजूर झाली ती २०२१ च्या एप्रिलमध्ये. मूळ आराखड्यातच उणिवा होत्या, असंही तपासात दिसलं. सगळा दोष वादावादीचा नाही. पण मधली वर्षं गेली ती गेलीच.

प्रत्येकाने सांगितलेलं आम्ही कागदाच्या मागे लिहून बोर्डाला दिलं. सभा त्याच पार्टी रूममध्ये झाली, आणि कधी नव्हे ती भरली! तिथे इलिनॉयच्या कायद्यातली एक गोष्ट नीट कळली. आहे ते दुरुस्त करायचं असेल तर बोर्ड असेसमेंट लावू शकतं. पण बजेटमध्ये नसलेला नवा बदल वेगळे पैसे काढून करायचा, तर एकूण मतांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. सभेला न येणाऱ्याचं मत त्यात ‘हो’ धरलं जात नाही.

जिम पुढे ढकललं, बाकं राहिली. इंजिनिअर आला आणि गॅरेजच्या छताचं काम निघालं. त्याची असेसमेंट दोन वर्षांच्या हप्त्यांत विभागली. पोलिश आजींना ते जमलं. बस ड्रायव्हर काकांना पेन्शनमध्ये हप्ता झेपेना. त्यांनी घर विकायला काढलं आणि ते मुलीकडे इंडियानाला गेले. गळती दाखवली त्यांनी आणि घर सोडावं लागलं तेही त्यांनाच! निर्णय योग्य होता, यात आम्हाला आजही शंका नाही. पण योग्य निर्णयाची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. रिझर्व्हमध्ये दर महिन्याला थोडे थोडे पैसे आधीपासून टाकले असते, तर ती एकदम अंगावर आली नसती.

तेव्हा वाचकहो, तुमच्या इमारतीत असा कागद आला तर कचऱ्यात टाकू नका. हा बदल आहे की दुरुस्ती, हे विचारा. रिझर्व्हमध्ये किती पैसे आहेत आणि इंजिनिअरने शेवटचं कधी पाहिलं, हे विचारा. आज ती जागा कोण वापरतं, हे स्वतः जाऊन बघा. आणि बोर्डाच्या निवडणुकीला उभे राहा. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात जेवणाचा मेनू ठरवायला आपण तीन-तीन मीटिंगा घेतो. त्यातली एक आपल्याच डोक्यावरच्या छपरासाठी द्यायला काय हरकत आहे?