अडून बसणारी पाइपलाइन

आमच्या टीमचे हेल्म चार्ट आम्हीच बांधतो आणि आमच्याच जागेत ठेवतो. कुबरनेटिसवर एखादं ॲप्लिकेशन चढवायचं म्हणजे डिप्लॉयमेंट, सर्व्हिस, कॉन्फिगमॅप, इनग्रेस अशा ढीगभर यॅमल फाइली लागतात. त्या एकत्र बांधून, बदलणाऱ्या गोष्टी व्हॅल्यूजच्या फाइलीत वेगळ्या काढल्या की चार्ट झाला. हाताने करायलाही हे अवघड नाही. ‘हेल्म पॅकेज’ म्हटलं की टीजीझेड फाइल तयार, ‘हेल्म रेपो इंडेक्स’ म्हटलं की यादी तयार. दोन्ही कुठल्याही साध्या वेबसर्व्हरवर टाका, झालं. मग ऑटोमेट कशाला करायचं? वेळ वाचतो म्हणून, असं सगळे सांगतात. मला ते फारसं पटत नाही. वाचून वाचणार किती, पाच मिनिटं! पाइपलाइनची खरी कमाई वेगळीच आहे: ती अडून बसते.

परवा एका सहकाऱ्याने व्हॅल्यूजमधली मेमरीची मर्यादा २५६ वरून ५१२ केली आणि पुल रिक्वेस्ट टाकली. चार्ट-टेस्टिंग नावाच्या टूलने लगेच लाल फुली मारली. चार्ट बदललाय, पण चार्ट डॉट यॅमलमधलं व्हर्जन मात्र जुनंच, १.४.२.

‘‘अरे, एकच तर ओळ आहे. तेवढ्यासाठी व्हर्जन काय वाढवायचं?’’

‘‘वाढव. १.४.३ कर, लगेच मर्ज करतो.’’

तो कुरकुरला, पण त्याने केलं. हेच मी स्वतः तपासत असतो, तर शुक्रवारी संध्याकाळी ‘जाऊ दे’ म्हणून सोडलं असतं, याची मला खात्री आहे. यंत्राला भीड नसते, तीच त्याची लायकी. कुणाच्या तरी क्लस्टरवर या क्षणी १.४.२ चालू आहे. औषधाच्या दोन पट्ट्यांवर बॅच नंबर एकच आणि आत गोळ्या वेगळ्या, असं झालं तर दुकानदाराने नेमकं परत काय मागवायचं? रोलबॅकचंही तसंच.

मर्ज झाल्यावर चार्ट-रिलीजर काम हातात घेतो. शेवटच्या टॅगनंतर कोणते चार्ट बदलले ते बघतो, तेवढेच बांधतो, गिटहबवर रिलीज काढून फाइल जोडतो आणि जीएच-पेजेस ब्रँचवरच्या इंडेक्समध्ये नोंद घालतो. (चेकआउट करताना फेच-डेप्थ शून्य द्यायला विसरू नका. नाहीतर एकच कमिट खाली येतं, मागचे टॅग दिसत नाहीत आणि ‘काय बदललं’ हे त्याला कळतच नाही.) इंडेक्समधली एक नोंद उघडून पाहावी: नाव, व्हर्जन, आतल्या ॲपचं व्हर्जन, तयार झाल्याची वेळ, डाउनलोडचा पत्ता आणि चौसष्ट अक्षरांचा डायजेस्ट. त्याच फाइली पुन्हा पॅक केल्या तरी आतल्या वेळेच्या शिक्क्यांमुळे डायजेस्ट बदलू शकतो. म्हणून जुने चार्ट पुन्हा बांधायचे नाहीत. एकदा बांधलं ते बांधलं, नवी नोंद जुन्या इंडेक्समध्ये मिसळायची.

नाव तेच आणि माल वेगळा, याने काय होतं ते मार्च २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. ‘टीजे-ॲक्शन्स’ची ‘चेंज्ड-फाइल्स’ ही गिटहब ॲक्शन तेवीस हजारांहून जास्त रिपॉझिटरींत वापरात होती. हल्लेखोराने तिचे जुने व्हर्जन टॅगच उचलून घातक कमिटवर ठेवले, आणि बिल्डच्या लॉगमध्ये गुपितं छापली जाऊ लागली. ज्यांनी टॅगऐवजी पूर्ण कमिट हॅश लिहिला होता, त्यांचा आकडा हलला नाही. आमच्या वर्कफ्लोमध्ये आता सगळीकडे हॅश आहेत. दिसायला कुरूप, पण असू देत.

स्वतःच्या जागेत ठेवण्याचं कारणही याच्याच जवळचं. हेल्मचं ‘स्टेबल’ रेपो १३ नोव्हेंबर २०२० ला बंद झालं. जुना पत्ता असलेल्या स्क्रिप्टा शोधत लोक फिरले. त्याच महिन्यात डॉकर हबने अनामिक वापरकर्त्यांना सहा तासांत शंभर पुलची मर्यादा घातली. फुकटच्या फळीवर आपला हक्क नसतो, हे कळायला एवढं पुरे होतं. हेल्म ३.८ पासून ओसीआय रजिस्ट्रीचा आधार पक्का झाल्यावर चार्ट आणि इमेज एकाच रजिस्ट्रीत ठेवता येऊ लागले. हार्बरसारख्या रजिस्ट्रीत टॅग अचल करता येतो; १.४.२ एकदा चढवलं की दुसऱ्यांदा पुश नाकारला जातो. पुन्हा नकारच.

इथे हमखास एक फसगत होते. चार्ट घरात आणला म्हणून लोक निश्चिंत होतात, पण व्हॅल्यूजमध्ये इमेजचा पत्ता डॉकर हबचाच राहतो. सबचार्टच्या पोटातल्या इनिट कंटेनरचा तर नक्कीच. म्हणून आमची पाइपलाइन ‘हेल्म टेम्पलेट’ चालवून निघालेल्या यॅमलमधला प्रत्येक इमेजचा पत्ता तपासते आणि बाहेरचा दिसला की थांबते.

एक गोष्ट मात्र मी यंत्राकडे सोपवलेली नाही: व्हर्जनचा कुठला आकडा वाढवायचा. कमिटच्या संदेशावरून तो ठरवणारी टूल्स आहेत, चांगली आहेत. पण समजा कुणी लेबलं नीट करताना डिप्लॉयमेंटच्या सिलेक्टरमध्ये एक शब्द बदलला आणि संदेशात ‘फिक्स’ लिहिलं. टूल १.४.४ काढून मोकळं होईल. सिलेक्टर एकदा ठरला की बदलता येत नाही. आधी बसवलेल्या प्रत्येक क्लस्टरवर अपग्रेड आपटणार. ते २.० आहे, आणि सोबत रीडमीमध्ये जुनं डिप्लॉयमेंट कसं काढायचं याच्या चार ओळी हव्यात. त्या ओळी असल्याशिवाय मी ॲप्रूव्ह करत नाही.