गाडीखालचे डॉक्टरसाहेब

अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला देशातली मंडळी बरेच प्रश्न विचारतात. पगार किती, थंडी किती, मेथी मिळते का, वगैरे. पण "गाडीच्या सर्व्हिसिंगला किती पडतात?" हा प्रश्न मला आजवर एकानेही विचारलेला नाही. खरं तर विचारायला हवा. इथलं अर्थशास्त्र समजून घ्यायला तेवढं एक बिल पुरतं!

तर हे घ्या बिल. गाडी जपानी, २०१४ सालची. रेडमंडच्या आसपासच्या एका डीलरकडे (नाव कशाला घ्या!) ऑइल बदलायला नेली. ऑइल आणि फिल्टरचे १२५ डॉलर. मग तिथला सर्व्हिस अॅडव्हायझर एक काळपट कागदी फिल्टर घेऊन आला. चेहरा असा, की जणू माझ्याच फुफ्फुसाचा एक्स-रे दाखवतोय. केबिन फिल्टर बदलायचे ९५ डॉलर. पुढचे ब्रेक पॅडही झिजलेत, त्याचे ४२०. एकूण ६४०, वर दहा टक्क्यांहून थोडा जास्त सेल्स टॅक्स. मजुरीचा दर भिंतीवरच लावलेला होता: तासाला २२० डॉलर.

मी फक्त ऑइल बदलून घेतलं आणि घरी येऊन हिशोब मांडला. चांगलं सिंथेटिक ऑइल, पाच क्वार्टचा कॅन, २८ डॉलर. ऑइल फिल्टर ९, केबिन फिल्टर १८, ब्रेक पॅड ५५. एकूण ११०. म्हणजे ५३० डॉलरचा फरक हा निव्वळ 'दुसऱ्याचे हात' या सदराखाली!

आता हे सगळे पैसे मेकॅनिकच्या खिशात जातात असं समजू नका. इथे 'फ्लॅट रेट' नावाची पद्धत आहे. कुठल्या कामाला किती वेळ हे पुस्तकात ठरलेलं असतं. पुस्तकात दीड तास लिहिला असेल तर गिऱ्हाईकाकडून दीड तासाचे पैसे घेतात, काम पाऊण तासात उरकलं तरी. बऱ्याच ठिकाणी मेकॅनिकलाही पुस्तकातल्या तासांचेच पैसे मिळतात, म्हणजे गंजलेला बोल्ट निघेना आणि तीन तास गेले तर तोटा त्याचा. आणि तो फिल्टर दाखवणारा अॅडव्हायझर? त्याला बहुधा विक्रीवर कमिशन असतं. बाकी पैसा जागा, यंत्रं, विमा आणि मालकाकडे.

"पण बाहेर काम केलं तर वॉरंटी जाते ना?" ही भीती इथल्या देशी मंडळींत फार. जात नाही. १९७५ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केलेला मॅग्नुसन-मॉस कायदा आहे. अमुकच डीलरकडे सर्व्हिसिंग करा, अमुकच ब्रँडचा पार्ट वापरा, नाहीतर वॉरंटी रद्द, अशी अट कंपनीला घालता येत नाही (ते काम किंवा पार्ट ती फुकट देत असेल तर गोष्ट वेगळी). यातले मॅग्नुसन म्हणजे आमच्याच वॉशिंग्टन राज्याचे सिनेटर वॉरन मॅग्नुसन. सिअॅटलमध्ये तळ्याकाठी त्यांच्या नावाचं मोठं पार्क आहे. तुम्ही फक्त पावत्या जपायच्या आणि तारीख, मैल वहीत लिहून ठेवायचे.

दुसरी सोय १९९६ सालापासूनची. त्या वर्षापासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पेट्रोल कारमध्ये डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं एक ठरावीक सॉकेट असतं, त्याला ओबीडी-टू म्हणतात. पंचवीस डॉलरचा रीडर तिथे खुपसला की 'चेक इंजिन'चा दिवा का लागला त्याचा कोड मिळतो. कधी कधी उत्तर एवढंच असतं, की पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट लागलेलं नाही! पुढे गाड्यांत संगणक वाढले आणि कंपन्या माहिती दडवू लागल्या, तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ साली 'राइट टू रिपेअर'च्या बाजूने कौल दिला. २०१४ साली कंपन्यांनी तेच देशभर लागू करायचं मान्य केलं. नव्या गाड्या वायरलेसने माहिती थेट कंपनीला पाठवतात, त्यावरून हा तंटा पुन्हा पेटला आहे.

प्रत्यक्ष काम म्हणाल तर चढत्या क्रमाने करावं. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. तो बदलणं म्हणजे पिठाची चाळणी बदलण्याइतकं सोपं, पाच मिनिटं. मग ऑइल. माझ्या गाडीला ४.४ क्वार्ट, म्हणजे सव्वाचार लिटरच्या आत-बाहेर लागतं. चौदाचा पाना, नवा वॉशर, आणि ड्रेन प्लग आवळायचा बरोबर २७ फूट-पाउंडला. हे 'बरोबर' महत्त्वाचं. टॉर्क पाना घ्याच, अंदाजाने आवळायचं नाही. तिसरी पायरी ब्रेक पॅड. इथे घाई नको. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल घट्ट होईपर्यंत दाबून घ्यायचं, नाहीतर पहिला ब्रेक लागणारच नाही. आणि सगळ्यात पहिला नियम: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. जॅक हा उचलण्यासाठी, तोलून धरायला स्टँड वेगळे. जॅक, स्टँड, सॉकेटचा संच, टॉर्क पाना मिळून मला अडीचशे डॉलर पडले. क्वचित लागणारी अवजारं ऑटोझोनसारखी दुकानं अनामत ठेवून वापरायला देतात.

जागा हाच मोठा प्रश्न. इथल्या बहुतेक अपार्टमेंटच्या करारात पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायला मनाई असते. म्हणून मी एका मित्राच्या घरासमोरच्या ड्राइव्हवेत काम करतो. त्याचं घर रेडमंडच्या ज्या टेकडीवर आहे तिचं नावच एज्युकेशन हिल! ऑक्टोबर ते मे पावसाची रिपरिप, त्यामुळे कामं शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये.

जुनं ऑइल मात्र एक थेंबही रस्त्यावर जाता कामा नये. रेडमंडच्या पिण्याच्या पाण्याचा काही भाग शहरातल्याच विहिरींतून येतो, आणि इथल्या बेअर क्रीकमध्ये सॅमन मासे अंडी घालायला परत येतात. एका वेळचं जुनं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं असं इथलं पर्यावरण खातं सांगतं. मी ते कॅनमध्ये भरून दुकानात परत नेऊन देतो, ते फुकट घेतात.

काय करत नाही तेही सांगतो. एअरबॅगला हात लावत नाही, टायमिंग चेनच्या वाटेला जात नाही, हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबलपासून चार हात लांब. आणि सेफ्टी रिकॉल निघाला तर सरळ डीलरकडे, कारण ते काम त्याला फुकटच करून द्यावं लागतं.

असो. हा सगळा ५३० डॉलरचा हिशोब मी मोठ्या उत्साहाने त्या ड्राइव्हवेवाल्या मित्राला ऐकवला. हा मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरात त्याच्या वडिलांचं गॅरेज होतं. मी गाडीखाली असताना हा चहा घेऊन उभा राहतो, पण पान्याला हात लावत नाही. स्वतःची गाडी डीलरकडे देतो, सांगतील ते पैसे भरतो. एकदा मात्र माझ्याबरोबर गाडीत बसला आणि दोन मिनिटांत म्हणाला, "मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय." नुसत्या आवाजावरून! आणि बरोबर निघालं. मी म्हटलं, अरे, एवढं येतं तर स्वतः का करत नाहीस?

"तू हौसेनं करतोयस रे. आमच्या अण्णांनी चाळीस वर्षं हात काळे केले, ते माझे होऊ नयेत म्हणून. पाचशे डॉलरसाठी मी परत गाडीखाली जाऊ व्हय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडे डोक्याने काम करणारे आणि हाताने काम करणारे अशा दोन जाती आहेत, आणि त्या नुसत्या म्हणण्यापुरत्या नाहीत. मी पीएचडी झालेला माणूस गाडीखाली शिरलो की त्याला छंद म्हणतात, फोटो काढतात. अण्णा शिरले की ते 'गॅरेजवाले'. त्यांच्या मुलाला त्याच गाडीखाली सगळं आयुष्य दिसतं, मला वाचलेले पैसे दिसतात. बोल्ट दोघांनाही तेवढाच आवळावा लागतो. फरक एवढाच, की मला नको असेल त्या दिवशी मी पाना खाली ठेवू शकतो.

मागच्या सुट्टीत पुण्याला बाबांच्या स्कूटरचे ब्रेक शू बदलून घेतले. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने अर्धा तास उकिडवं बसून काम केलं, ड्रम साफ केला, केबल ओढून दिली. मजुरी सांगितली दीडशे रुपये. बाबा सवयीने म्हणाले, "शंभर घे रे." मी दोनशे दिले आणि म्हटलं, काम फार चांगलं केलंत. बाबा घरी येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. आल्यावर आईला म्हणाले, "अमेरिकेत राहून याला पैशाची किंमत राहिली नाही."

आता यांना कसं सांगू, की पैशाची नव्हे, त्या अर्ध्या तासाची किंमत मला कळली आहे!